खिशातली अर्धी भाकरी

आमच्या कुत्र्याचे डोळे पिवळे पडलेत हे सगळ्यात आधी अप्पांच्या लक्षात आलं, आणि मी त्यांना वेड्यात काढलं. अप्पा म्हणजे माझे सासरे. नवरा नोकरीच्या गावी असतो, त्यामुळे सोनपेठच्या घरात अप्पा, मी आणि कुत्रा असे तिघंच. मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून घरात आजाराबिजाराचं शेवटचं मत माझं असतं. "सकाळच्या उन्हात सगळंच पिवळं दिसतं अप्पा," असं म्हणून मी शाळेला निघून गेले. दोन दिवसांनी कुत्रा पाण्याच्या घमेल्याजवळ बसला तो उठेचना. दोनदा ओकला. मग मी त्याचा ओठ वर करून पाहिला. हिरड्यांना कोणी हळदीचा हात लावल्यासारख्या त्या दिसत होत्या.

माझ्या मनात पहिला विचार आला विषाचा आणि दुसरा शेजाऱ्याचा. खरं सांगायचं तर दोन्ही एकदमच आले.

शेजाऱ्याच्या कोंबड्या आहेत. आषाढापासून त्याची पिल्लं मरत होती, कधी एक, कधी दोन, आणि त्याचा सगळा राग आमच्या कुत्र्यावर होता. एके दिवशी तो भिंतीपलीकडून म्हणाला, "मॅडम, तुमचं कुत्रं मोकळं फिरतंय आन माझी पिल्लं मरायलीत."

मी काही कमी नाही. म्हटलं, "एका तरी पिल्लावर दाताची खूण दाखवा. कुत्र्याने धरलं तर पिसं तरी उडतील की नाही?"

मेलेल्या पिल्लांवर खरंच ओरखडासुद्धा नसायचा. जाता जाता तो एवढंच म्हणाला, "बांधून ठेवा त्याला. न्हाईतर माझ्यासारखा वाईट कोनी न्हाई." ते वाक्य मी मनात जपून ठेवलं होतं. आणि याच माणसाला मी चैत्रात पोतंभर ज्वारी दिली होती, आपण होऊन. झालं होतं असं की ज्वारी काढणीला आली आणि अवकाळी पावसाने गाठली. कणसं काळी पडली. खळं झाल्यावर मी चांगली ज्वारी निवडून कोठीत भरली आणि काळवंडलेली दोन पोती बाजूला काढली. एक याच्या कोंबड्यांना दिलं, एक कुत्र्याच्या भाकरीसाठी मागच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलं. आमचा कुत्रा शिळंपाकं खात नाही, त्याच्यासाठी रोज वेगळी जाड भाकरी होते, हे मी चारचौघांत कौतुकाने सांगायची. तर इतकं करून हा माणूस माझ्याच कुत्र्याला विष घालतो, या विचाराने माझं डोकं फिरलं होतं.

रविवारी गावातल्या गुरांच्या डॉक्टरांनी कुत्र्याला पाहिलं. पोटावर हात दाबला तसा तो कण्हला. डॉक्टर म्हणाले, "कावीळ आहे. लिव्हरचं काम बिघडलंय, पण का बिघडलं ते माझ्याकडे कळायचं नाही. रक्त तपासावं लागेल, सोनोग्राफी लागेल. उद्याच परभणीला न्या. आणि उपाशी न्या. बारा तास पोटात काही जाऊ देऊ नका, पाणी चालेल."

"विष असेल का?" मी विचारलं.

"असू शकतं. गोचिडांचा ताप असू शकतो, गाठ असू शकते. पण वेळ घालवू नका."

असू शकतं, एवढं मला पुरे होतं. संध्याकाळी मी शाळेतल्या मोठ्या रेघी कागदावर पोलीस ठाण्याला अर्ज लिहिला. शेजाऱ्याचं वाक्य त्यात अवतरणचिन्हांत घातलं. डॉक्टरांचा निष्कर्ष लिहायला मधे दोन ओळी मोकळ्या सोडल्या आणि कागद पर्समध्ये ठेवला.

मग अप्पांना बजावलं. ते गरजेचं होतं, कारण अप्पांचा एक नेम आहे. पहाटे उठायचं, अंघोळ करून गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा करायची, आणि पूजा झाली की आधी कुत्र्याला भाकरी घालायची. मग स्वतःचा चहा. मी लग्न होऊन आल्यापासून यात खाडा पाहिलेला नाही. सासूबाई गेल्या त्या दिवशीही त्यांनी कुत्र्याला भाकरी घातली होती, तेव्हाचा कुत्रा वेगळा होता.

"अप्पा, उद्या भाकरी नाही. तपासणी आहे."

"बरं."

"उद्या श्रावणातला सोमवार आहे. तुमचाही उपास, त्याचाही उपास."

अप्पा हसले नाहीत. "माझा मी धरलेला हाय," म्हणाले, "त्याला कोन इचारलं?"

मी कुत्र्याला पत्र्याच्या खोलीत कोंडून कडी लावली.

सकाळी भाड्याच्या गाडीत मागच्या सीटवर आम्ही दोघं आणि मधे कुत्रा. तो खिडकीबाहेर बघतसुद्धा नव्हता. एरवी रस्त्यातल्या प्रत्येक शेळीचा समाचार घेणारा हा प्राणी, पण आता त्याचं डोकं अप्पांच्या मांडीवर पडलेलं होतं. अप्पांचा एक हात त्याच्या पाठीवर आणि दुसरा सदऱ्याच्या खिशात. गंगाखेडला पुलावरून नदी दिसली तेव्हा त्यांनी नुसती मान लववली, हात जोडले नाहीत. मला त्याचं जरा नवल वाटलं, पण मी अर्जातली वाक्यं मनात घोळवत होते.

"सोनोग्राफी बायांची करतेत ना?" अप्पांनी विचारलं.

"कुणाचीही करतात."

"ह्यो तर गडी हाय," ते म्हणाले. गाडीवाला हसला. मीसुद्धा हसले असते, पण तेवढ्यात कुत्र्याला कोरडी उबळ आली.

परभणीच्या त्या दवाखान्यातल्या डॉक्टर तिशीच्या असतील. आवाज खालचा, हात घाई न करणारे. त्यांनी पुढच्या पायाचे केस काढून शिरेतून रक्त घेतलं, तीन बाटल्यांत थोडं थोडं भरलं, आणि उरलेलं एका काचेच्या बारीक नळीत घातलं. ती नळी अप्पांच्या हातात देऊन म्हणाल्या, "मुठीत धरा बाबा. ऊब लागू द्या. मी सांगेन तेव्हा तिरकी करून दाखवा. किती वेळात गोठतं ते बघायचंय."

अप्पांनी खिशातला हात काढला आणि नळी मुठीत धरली. भिंतीवर घड्याळ होतं. पाच मिनिटांनी डॉक्टरांनी नळी तिरकी करायला लावली. रक्त पाण्यासारखं वाहिलं. आठ मिनिटांनी पुन्हा तेच. सुई टोचली होती तिथला कापूस भिजून लाल झाला होता आणि मी बोटाने तो दाबून धरला होता. मी शाळेत मुलांना सांगते, जखम झाली की रक्त आपोआप गोठतं. ते गोठायला लागणारे पदार्थ लिव्हर बनवतं हेही सांगते. परीक्षेत दोन मार्कांना असतं. आता ते माझ्या बोटाखाली गोठत नव्हतं आणि मला भीती वाटायला लागली, नुसती भीती, त्यात शेजारी वगैरे कोणी नव्हतं.

"उपाशी आहे ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"काल संध्याकाळपासून," मी म्हणाले. "मी स्वतः कडी लावली होती."

कुत्र्याला उताणं निजवलं. मी मागचे पाय धरले, अप्पांनी पुढचे. पोटावरचे केस काढल्यावर आतली कातडी दिसली, तीही पिवळी. त्यावर गार चिकट जेल पसरून डॉक्टरांनी यंत्राची दांडी टेकवली. पडद्यावर राखाडी ढग सरकायला लागले. मला त्यातलं काही कळत नव्हतं, मी डॉक्टरांच्या कपाळाकडे बघत होते. कपाळावर आठी पडली.

"लिव्हर मोठं झालंय," त्या म्हणाल्या. "नेहमीपेक्षा पांढरटही दिसतंय. गाठ अजून तरी दिसत नाही." मग दांडी उजव्या बाजूला नेऊन त्या बराच वेळ एकाच जागी थांबल्या. "हे पित्ताशय. उपाशी कुत्र्याचं भरलेलं असतं, काळीभोर पिशवी दिसते. याचं बघा, एवढंसं. आणि इथे जठराजवळ हवेची सावली पडतेय, म्हणून मागचं नीट दिसत नाही." त्यांनी मान वर केली. "याने नक्की काही खाल्लेलं नाही?"

"नाही म्हटलं ना." माझा आवाज चढला. मी घरी काय करते आणि काय नाही हे मला कोणी विचारलेलं खपत नाही, तो माझा जुना दोष आहे.

"बरं. खाल्लं असेल तर पित्ताशय रिकामं होणं साहजिक आहे. पण उपाशी असून असं असेल तर मला वेगळा विचार करावा लागतो. मग लिव्हरमधून सुईने तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल, वाट बघता येणार नाही. आणि रक्त गोठत नसताना सुई घालायची म्हणजे…" त्यांनी लाल झालेल्या कापसाकडे पाहिलं. "गोठण्याचं इंजेक्शन देऊन करता येईल. पण आत रक्तस्राव झाला तर कुत्रा टेबलावरच जाऊ शकतो. तुमची सही लागेल."

मी म्हटलं, "सही करते. पण विष असेल तर मला तसं लिहून द्या. मला तक्रार करायची आहे."

डॉक्टर कागद आणायला वळल्या. तेव्हा अप्पा म्हणाले, "थांबा."

त्यांनी कुत्र्याचे पुढचे पाय एका हातात घेतले, दुसरा हात सदऱ्याच्या खिशात घातला आणि रुमालाची पुरचुंडी काढली. ती टेबलाच्या कडेला ठेवून एका हातानेच सोडली. आत अर्धी भाकरी होती.

"म्या दिली," ते म्हणाले. माझ्याकडे बघत नव्हते. "पहाटं पूजा झाल्यावर. कालची उरलेली व्हती. अर्धी दिली. त्यानं चतकोरच खाल्ली, पन खाल्ली. ही अर्धी म्हनलं तपासनी झाल्यावर भूक लागंल त्याला."

मला इतका संताप आला की कानांत गरम झालं. "अप्पा, मी किती वेळा सांगितलं होतं?" एवढंच निघालं तोंडातून. सून म्हणून याच्या पुढे बोलता येत नाही, आणि बोलायचं तर खूप होतं. याचा जीव जाईल, तुमच्या नेमापायी जाईल, हे सगळं ओठावर आलं होतं. अप्पांची मान खाली होती.

डॉक्टर मात्र चिडल्या नाहीत. "बाबा, बरं केलंत सांगितलंत. सुई नको आता," म्हणाल्या. मग त्यांनी ती भाकरी उचलली. मोडली. नाकाजवळ नेली. पुन्हा मोडून आतला भाग खिडकीच्या उजेडात धरला. भाकरी काळपट होतीच, ती रोजच तशी असायची.

"ही कशाची?"

"ज्वारीची," मी म्हणाले.

"तुम्हीही हीच खाता?"

"नाही. आमची वेगळी. ही त्याच्यासाठी. अवकाळीत भिजलेली ज्वारी होती, ती फेकायची कशाला म्हणून…"

बोलता बोलता मी थांबले. डॉक्टर पुढे विचारत राहिल्या. पोतं कुठे ठेवलंय? पत्र्याच्या खोलीत. ओल येते का? येते, पावसाळ्यात भिंत पाझरते. पीठ कडवट लागतं का? ते मला माहीत नव्हतं, मी कधी चाखलंच नव्हतं. किती दिवसांपासून? आषाढात उघडलं पोतं.

"बुरशीचं विष असणार," त्या म्हणाल्या. "भाकरी भाजली तरी ते जात नाही. रोज थोडं थोडं पोटात जातं आणि लिव्हर खलास करतं. गोचिडांच्या तापाची तपासणी करूच, रक्ताचे आकडेही येऊ द्या, पण मला हेच वाटतंय. तुम्हाला लिहून हवं होतं ना? विष म्हणून मी लिहून देते."

मी मान हलवली, नको म्हणून.

नववीच्या मुलांसाठी मी दरवर्षी भाकरीचा तुकडा ओला करून काचेच्या बरणीत ठेवते. आठवड्यात त्यावर बुरशी येते, काळी, हिरवी. मुलं नाकं धरतात आणि मी सांगते की काही बुरशी विष तयार करते, म्हणून असलं अन्न खायचं नाही. हे वर्षानुवर्षं सांगत आले. त्यात कुत्रा कधी माझ्या मनात आला नाही. आमच्याकडे माणसाने न खाण्यासारखं जे असतं ते जनावराचं, इतकं ते सरळ होतं. मला त्या टेबलापाशी स्वतःची किळस आली.

दुपारपर्यंत आकडे आले. लिव्हर खराब झाल्यावर रक्तात जे वाढतं ते सगळं वाढलेलं, जे कमी होतं ते कमी. गोचिडांच्या तापाचं काही निघालं नाही. कुत्र्याला सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली. डॉक्टर म्हणाल्या, "पहिले तीन दिवस कठीण. गावच्या डॉक्टरांना मी फोन करते, रोज सलाईन चालू ठेवा. तीन दिवस निघाले तर आशा आहे. दहा दिवसांनी परत आणा." दाराशी आल्यावर अप्पांकडे बघून त्यांनी पुन्हा सांगितलं, "उपाशी."

परतीच्या वाटेवर गंगाखेड आलं. पूल ओलांडताना मला एकदम शेजाऱ्याला दिलेलं ते दुसरं पोतं आठवलं. पिल्लं. अंगावर एक ओरखडा नाही, एक पीस उडालेलं नाही. मीच तर ते ठासून सांगितलं होतं भिंतीवरून. अप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, "आदी त्याच्याकडं जाऊ. घर मागून."

शेजारी अंगणात होता. मी दारातच सांगायला सुरुवात केली, की ती ज्वारी कोंबड्यांना घालू नका, एक दाणा घालू नका, तिला बुरशी आहे, कुत्र्याला त्यानेच झालंय. तो ऐकत राहिला. मग त्याने कोंबड्यांच्या खुराड्याकडे पाहिलं.

"मंग माझी पिल्लं?"

"त्यानेच गेली असणार," मी म्हणाले.

मला वाटलं, आता हा बोलेल. बोलायला त्याला पूर्ण हक्क होता. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मॅडम. तुमाला काय ठावं." मग गाडीकडे बघून, "कुत्रं कसं हाय?"

"तीन दिवस कठीण आहेत," मी म्हणाले. तुमाला काय ठावं, हे त्याने मला सोडवायला म्हटलं आणि मी सुटून घरात गेले. पर्समधला कागद फाडला. फाडल्याने काही बरं वाटलं नाही.

ते तीन दिवस मी शाळेत काय शिकवलं मला आठवत नाही. मधल्या सुट्टीत घरी धावत यायची. दारातून कुत्र्याचं पोट वरखाली होताना दिसलं की परत जायची. दुसऱ्या दिवशी त्याची शी डांबरासारखी काळी झाली. गावचे डॉक्टर म्हणाले, आतून रक्त जातंय. अप्पांनी त्या दिवशी पूजा केली आणि चहा घेतला नाही. कुत्रा खात नाही तोवर आपण नाही, असं काही ते बोलले नाहीत, पण कप तसाच राहिला. मी तो उचलून ओतला. चौथ्या दिवशी कुत्र्याने दोन चमचे पातळ भात चाटला. अप्पा म्हणाले, "बाई, चहा ठिव." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले आणि मग चहा ठेवला.

दहा दिवसांनी परत जायचं होतं तर अप्पांचे गुडघे धरले. शेजारी म्हणाला, मी येतो कुत्र्याला धरायला. अप्पा ऐकेनात, तेही निघाले. दवाखान्यात शिरताच कोणी विचारायच्या आत अप्पांनी जाहीर केलं, "उपाशी हाय. ह्यो बी, मी बी." डॉक्टर हसल्या.

कुत्र्याला उताणं निजवलं. या वेळी पुढचे पाय शेजाऱ्याने धरले. अर्जात मी ज्यांना विष घालणारे हात म्हटलं होतं ते हात आता माझ्यासमोर होते, रापलेले, नखांत माती, आणि कुत्रा त्यांतलं एक बोट चाटत होता. दांडी पोटावर फिरली. राखाडी ढगात एक काळी पिशवी दिसली, टपोरी, भरलेली. ती मलाही ओळखता आली.

"छान," डॉक्टर म्हणाल्या. "लिव्हरची सूजही उतरतेय. काही भाग कायमचा गेलाय, तो परत येणार नाही. जपावं लागेल, दर महिन्याला रक्त बघू. पण वाचला." मग जेल पुसता पुसता त्या शेजाऱ्याकडे वळून म्हणाल्या, "अशी खूप जनावरं येतात हो. बुरशीचं धान्य जनावरालाही घालायचं नसतं, हे लोकांना माहीतच नसतं."

"आमाला कोन सांगनार?" शेजारी म्हणाला. "आन मॅडमला बी काय ठावं."

दुसऱ्यांदा म्हणाला तो. मला गप्प बसता आलं असतं. डॉक्टर हात धुवायला गेल्या होत्या, अप्पा भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते.

"मला ठाऊक होतं," मी म्हणाले. "नववीला मी हेच शिकवते."

त्याने वर पाहिलं. मी नजर वळवली नाही. कुत्र्याच्या पायांवरचा हात मात्र त्याने काढला नाही.